मनुका तू भिजव

नौबाद, बिदर
सोमवार, दुपार

प्रिय दीपू,

पाकिटावरचं अक्षर ओळखून आधी पाकीटच उलटंपालटं करून बघितलं असशील. वाटलं असेल, अक्का गेली की काय, आणि जाता जाता पत्र टाकून गेली. तसं काही नाही. गुडघे सोडले तर मी ठणठणीत आहे. फोन का केला नाही म्हणशील, तर फोनवर तुझा आवाज आला की पहिल्याच वाक्याला मी भांडेन, हे तुलाही ठाऊक आहे नि मलाही. कागद बरा, तो मधे बोलत नाही. सकाळी पाकीट आणायला गेले तर पोस्टातली पोरगी पत्ता ऐकून हसायला लागली. म्हणाली, "अज्जी, हुलसूरला भालकीवरनं बस हाय की. दुपारच्या जेवणाला पोचताव. पत्र कामून टाकायलाव?" तिला काय सांगू, की आई गेल्यापासून, सहा वर्षं झाली, त्या बसमध्ये मी पाय ठेवलेला नाही.

इकडची हालहवाल सांगते. प्रेमानंद गेल्यापासून घर फार मोठं झालंय. खोल्या दोनच आहेत, पण एका माणसाला त्याही उरतात. बाहेरून कुलूप लावायचं नि आतून कडी घालायची, दोन्ही कामं माझीच. एका भाकरीसाठी तवा तापवायचा कंटाळा येतो, म्हणून सकाळीच दोन थापून ठेवते आणि रात्रीची कडक झालेली दुधात कुस्करते. आम्हाला मूलबाळ नाही याचं मला त्यांच्या हयातीत कधी एवढं वाटलं नव्हतं, कारण घरात आई होती, हे होते, आणि दोघं मिळून मला पुरेसा त्रास देत होते. आता भाजीवाल्याशी कोथिंबिरीवरून वाद घालते, तेवढंच बोलणं होतं. त्यालाही ते कळलंय बहुतेक. परवा म्हणाला, "अक्का, आज वाद न्हाई घालायचा?"

आणि या नाताळला तुझा फोन आला नाही. दरवर्षी उपासना सुटून मी घरी आले की फोन वाजायचा. तुझं नाव दिसायचं. मी तो वाजू द्यायची, हात धुवायची, पुसायची, आणि थांबला की मनाशी म्हणायची, बरं झालं. या वेळी हात धुतले, पुसले, पुन्हा धुतले. फोन गप्प. फोन बिघडला असेल म्हणून शेजारच्या राजूबाईंना एक रिंग द्यायला लावली. नीट चालत होता. तेव्हा मला कळलं की इतकी वर्षं मी तो उचलत नव्हते खरी, पण त्याच्या वाजण्याची वाट बघत होते. त्या दिवशी जेवले नाही. रडले. तुला हे कळावं असं वाटतं म्हणून लिहिलं.

आता एक गोष्ट सांगते, ती इथं कुणालाच माहीत नव्हती. तुला ठाऊक आहे, दर महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं आणि त्याचा द्राक्षरस आई करायची. शनिवारी काळ्या मनुका भिजत घालायच्या, उकळायच्या, कुस्करून मलमलच्या फडक्यातून पिळायच्या. बिदरच्या देवळासाठी मोठी बाटली, आणि पाळकसाहेब संध्याकाळी तुमच्याकडं हुलसूरला जातात म्हणून तुमच्या चार घरांसाठी छोटी. आई गेल्यावर ते काम माझ्याकडं आलं. रविवारी देवळामागच्या खोलीत मी पेले भरते, ताट पुढं पाठवते, आणि गुडघ्यांचं निमित्त सांगून मागंच बसते. सगळ्यांना वाटतं, नागरत्ना अक्का मागच्या मागं आपला पेला घेत असेल. मी घेत नव्हते. कुणी विचारू नये म्हणून माझा पेला भरायची मात्र, आणि सगळं आटोपलं की खोलीमागच्या कढीपत्त्याच्या मुळाशी ओतायची. तो कढीपत्ता इतका माजलाय म्हणून सांगू! नेमानं प्रभुभोजन घेणारं अख्ख्या बिदर जिल्ह्यातलं ते एकच झाड असेल.

का घेत नव्हते, ते तुला सांगायला नको. मनात वैर ठेवून प्रभूच्या मेजाशी जाऊ नये, हे आपल्याला लहानपणापासून शिकवलंय. आणि माझ्या मनात वैर होतं, तुझ्याविषयी. मी प्रेमानंदांना घेऊन कलबुर्गीच्या दवाखान्यात होते, त्यांच्या छातीचं ऑपरेशन झालेलं. आई दर मे महिन्यात तुझ्याकडं आंबे खायला यायची तशी आली होती. पहाटे ती गेल्याचा फोन आला आणि मी यांना नर्सच्या हवाली करून अंगावरच्या लुगड्यानिशी निघाले. हुमनाबादला बस मिळेना. बसवकल्याणच्या स्टँडवरून मी तुला फोन केला होता, दीपू. सांगितलं होतं, येतेच, थांबा. मी दारात आले तेव्हा तू अंघोळ करून ओल्या केसांनी उभी होतीस. म्हणालीस, "किती उशीर केलास गं अक्का." दोन तासांपूर्वीच तुम्ही तिला पुरून आला होता. नऊ वर्षं मी त्या बाईचे केस विंचरले, आणि तिच्या पेटीवर टाकायची मूठभर माती माझ्या हातात आली नाही. ऊन फार होतं, तुझ्या सासरची, तानाजीरावांकडची मोठी माणसं घाई करत होती, पाळकांना पुढं जायचं होतं, सगळं मी नंतर ऐकलं. ऐकून काही कमी झालं नाही. तुझं ते एक वाक्य कानात राहिलं.

ते वैर मनातून काढायला मी काय काय केलं म्हणून सांगू. शुक्रवारचे उपास धरले. उपासानं वैर गेलं नाही, पित्त मात्र वाढलं. तुझं नाव तोंडातून काढायचं नाही असं ठरवलं, तर दिवसभर तेवढंच नाव मनात. गुडघे टेकायची नि म्हणायची, देवा, हे पाप माझ्यातून काढ, आणि मग ते पाप म्हणजे नेमकं काय हे त्याला समजावून सांगताना ती दुपार पहिल्यापासून पुन्हा सांगायची. हुमनाबाद, कल्याण, तुझे ओले केस. उठायची तेव्हा राग ताजा झालेला असायचा. एका शनिवारी तर तुमच्या छोट्या बाटलीत मुद्दाम गूळ घातला नाही. होऊ दे तोंड आंबट म्हटलं. मग आठवलं, गौरम्मा मावशीही त्यातलंच घेणार, तिनं माझं काय घोडं मारलंय? पाळकसाहेबांच्या जीपमागं धावत जाऊन बाटली परत घेतली. हस, हस. मला आता हसू येतं, तेव्हा येत नव्हतं.

आमचे पाळक तिप्पण्णा तुला माहीतच आहेत, दर महिन्याला येतात तुमच्याकडं. करजगीकडचे, मराठी बोलताना अडखळतात, वयानं तर माझ्या मुलासारखे. दिवाळीच्या सुमारास त्यांनी मला विचारलं, "अक्का, ह्यो एक पेला कुनाचा? दर बारीला उरायलाय." मी म्हटलं, जास्तीचा आहे, सांडलं लवंडलं तर असावा.  पुढच्या महिन्यात उपासना संपल्यावर तो पेला हातात घेऊन स्वतःच मागच्या खोलीत आले. घ्या म्हणाले नाहीत, का घेत नाही हेही विचारलं नाही, नुसते उभे राहिले. मी भांडी घासत पाठमोरीच म्हटलं, "आत्ता न्हाई पास्टर. मन साफ झाल्यावर घेईन." ते म्हणाले, "बरं अक्का. थांबतो मी." आणि पालथ्या टोपल्यावर बसले! बाहेर लोक हात मिळवायला ताटकळलेले, त्यांचा चहा निवत चाललेला. मी भांडी घासली, पुसली, पुसलेली पुन्हा पुसली. शेवटी त्यांच्या हातातला पेला घेतला आणि त्यांच्यादेखत कढीपत्त्याला ओतला. वाटलं, आता रागावतील. ते उठले, झगा झटकला आणि म्हणाले, "फुडल्या बारीला बी थांबतो." मला इतका संताप आला त्यांचा, की घरी येईपर्यंत एकटीच बडबडत होते.

मग तो नाताळ गेला, फोनाविना. आणि जानेवारीतल्या शनिवारी माझा मिक्सर जळाला. तुला सांगायचं राहिलं, आईसारखं हातानं मी कधीच पिळत नव्हते. मनुका मिक्सरमधून काढायच्या, गाळणीतून दाबायच्या, एका तासात काम खलास. त्या दिवशी मिक्सरनं धूर सोडला आणि दुरुस्तीवाल्याचं दुकान बंद. मग माळ्यावरून आईचं ते मलमलचं फडकं काढलं. घरात एरवी मिक्सरची घरघर असायची, ती नव्हती. मूठभर मनुका घ्यायच्या, पिळायच्या, सोडायच्या, पुन्हा पिळायच्या. इतका वेळ लागतो गं त्याला! आणि तेवढ्या वेळात करायला दुसरं काही नाही. बोटं दुखायला लागली. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "अप्पा, हात दुखायलेत."

आई देवाला अप्पा म्हणायची, आठवतं ना? इथल्या कन्नड बायकांकडून उचललेलं, पण तिच्या तोंडी ते अगदी आपल्या बापाला हाक मारल्यासारखं वाटायचं. फडकं पिळता पिळता त्याला सगळं सांगायची. दीपूला ताप आलाय बघ, तांदळात किडे झालेत, नागीच्या शाळेतल्या बाई चांगल्या आहेत. आपण दोघी शेजारी बसून हसायचो. एकदा याच राजूबाईंच्या सासूनं नळावर आईची भरलेली घागर लाथेनं लोटली होती. दुसऱ्याच दिवशी त्या म्हातारीच्या दारात आईनं पाणी नेऊन ठेवलं. मी म्हटलं, तुला राग येत नाही का गं? ती म्हणाली, "येतो की. सकाळी उठल्या उठल्या येतो. पर तवा माजं अप्पासंगं बोलायचं ऱ्हायलेलं असतंय. त्येच्यासंगं बोलत बसलं की राग दारात बसून ऱ्हातो बापडा, आन् कटाळून जातो." मी तेव्हा ती आईची एक गंमत समजले. ती साधी आहे, म्हणून तिला जमतं, असंही वाटायचं. मी शिकलेली ना.

तर त्या शनिवारी मी बोलत राहिले. गुडघ्याचं सांगितलं, मिक्सरचं, रात्रीच्या भाकरीचं. यांचा स्वेटर अजून खुंटीला आहे आणि मी तो कुणाला देत नाही हे सांगितलं. एकटं वाटतं अप्पा, हे सांगितलं, आणि एवढं साधं वाक्य मी इतक्या वर्षांत त्याला एकदाही म्हटलं नव्हतं हे लक्षात आलं. सहा वर्षं मी त्याच्यापुढं बसत होते, पण बोलत होते ते फक्त माझ्या पापाविषयी, म्हणजे तुझ्याविषयी. कुणाच्या घरी जावं आणि घरधन्याच्या तोंडाकडं न बघता दारात चपलेचा चिखलच खरवडत बसावं, तसं चाललं होतं माझं. घरधनी आतून ये ये म्हणतोय, नि मी म्हणतेय, थांबा, आधी हे निघू दे. बाटल्या भरून झाल्या तेव्हा दिवस मावळला होता. आणि चूल पेटवताना मला जाणवलं की दुपारपासून तुझा राग मला आठवलाच नाही. मी घालवला नव्हता. मला त्याच्यासाठी वेळ झाला नव्हता.

मिक्सर मी दुरुस्त केला नाही. आता रस करायचा नसला तरी दुपारी काही ना काही घेऊन बसते, शेंगा फोडते, लसूण सोलते, आणि अप्पाशी बोलते. दीपू, तुला हसू येईल, पण मला देव आवडायला लागलाय. आधी त्याची भीती होती, त्याच्यापुढं मार्क मिळवायचे होते. आता त्याची आठवण येते, प्रेमानंदांची येते तशी. आणि जो आवडतो त्याला दुखवावंसं वाटत नाही, एवढं साधं आहे ते. वैर संपलं असं मी लिहिणार नाही, खोटं होईल. परवा कल्याणच्या बसची पाटी बघितली आणि राग पुन्हा वर आला. मी अप्पाला म्हटलं, आला बघ तो, बस म्हणावं दारात. बसला. बराच वेळ बसला, मग गेला.

जानेवारीत थांबले तसेच फेब्रुवारीच्या रविवारीही पास्टर पेला घेऊन मागं आले आणि पालथ्या टोपल्यावर बसले. घाई नाही, कपाळावर आठी नाही. त्यांच्याकडं बघता बघता माझ्या मनात आलं, तू दोन तास थांबली नाहीस म्हणून मी सहा वर्षं रडले. आणि ज्याचं हे मेज आहे तो सहा वर्षं थांबलाय. मी दर महिन्याला त्याचा पेला मातीत ओततेय, आणि पुढच्या महिन्याला तो पुन्हा भरलेला. मन साफ करून येते म्हणत होते, पण आपण दोघी चिखलात लोळून आलो की आई काय म्हणायची? आधी धुऊन या, मग पोटाशी घेते, असं कधी म्हणाली का? आधी पोटाशी धरायची, तिचंच लुगडं माखायचं, आणि मग अंघोळ. मी हात पुढं केला. पण पेला हातात घेतल्यावर एक गोष्ट सुचली, आणि मी पास्टरना म्हटलं, "आनखी एक महिना थांबताव का?" ते हसले. म्हणाले, "आता तर सवय झालीया, अक्का." त्या दिवशी कढीपत्त्याला काही मिळालं नाही. तो पेला मी तुमच्या छोट्या बाटलीत परत ओतला, आणि ती बाटली संध्याकाळी तुमच्याकडं आली.

एक मात्र स्पष्ट लिहिते, म्हणजे पुढं गैरसमज नको. तू थांबायला पाहिजे होतंस. हे मी आजही म्हणते, आणि तुझ्यासमोरही म्हणेन. मी विसरून येत नाहीये, तशीच येतेय. हो, येतेय, त्यासाठीच हे सगळं लिहिलं. येत्या रविवारी तुमच्याकडच्या प्रभुभोजनाला मी तुझ्याशेजारी बसणार आहे, आणि माझा पेला मी तिथं घेणार आहे. बिदरचा रस शुक्रवारीच करून फ्रिजमध्ये ठेवते. शनिवारी सकाळी भालकीवरून निघते. उतरले की आधी मला आईकडं ने, माझी मूठभर माती राहिलीय. मग तुझ्या स्वयंपाकघरात बसून रस करू. फडकं मी आणते, मनुका तू भिजव, शुक्रवारी रात्रीच. आईचा तो पोचे पडलेला पेला तुझ्याकडंच आहे, हे मला ठाऊक आहे. पिळून झाल्यावर चोथ्यात पाणी नि गूळ घालून ती आपल्या दोघींना त्याच एका पेल्यातून द्यायची, आणि मी मोठी म्हणून आधी ओढून घ्यायची. तो घासून ठेव. पण मी येईपर्यंत पिळायला घेऊ नकोस, दीपू. बस भालकीत अडकली, उशीर झाला, अंधार पडला, तरी थांब. या वेळी पहिला घोट तुझा.

तुझीच,
अक्का